छिद्रात ओली, कागदावर कोरडी!

जून-जुलैचे दिवस. अकरावीच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या पालकाच्या हातातील अर्जावर पावसाचे दोन थेंब पडतात आणि पाल्याचे नाव निळसर-काळ्या ओघळात वाहून जाते. शेजारच्या पालकाच्या अर्जावरही तितकेच थेंब पडलेले असतात. पण त्यावरील अक्षर जागचे हलत नाही. दोन्ही कागद घरच्या इंकजेट प्रिंटरवरच छापलेले असू शकतात. मग एकाच्या शाईला पावसाचे भय का, आणि दुसरीला का नाही? या साध्या प्रश्नाच्या मागे रसायनशास्त्रज्ञांची चार दशकांची झटापट दडलेली आहे.

इंकजेटची शाई म्हणजे बव्हंशी पाणी. साधारणतः साठ ते नव्वद टक्के! उरलेल्या भागात रंग आणि अन्य सात-आठ द्रव्ये असतात. पाणी स्वस्त आहे, बिनविषारी आहे, पेट घेत नाही आणि त्याला वास नाही. घरातील टेबलावर ठेवायच्या यंत्रासाठी याहून चांगला द्रव कोणता? परंतु याच पाण्याने शाई बनविणाऱ्यांना एका विचित्र पेचात टाकले आहे. प्रिंटरच्या छिद्रात ही शाई आठवडेच्या आठवडे वाळता कामा नये. कागदावर पडल्यावर मात्र ती क्षणात वाळली पाहिजे. एकाच द्रवाने दोन ठिकाणी परस्परविरुद्ध वागायचे, अशी ही अट आहे.

छिद्र म्हणजे तरी केवढे? सुमारे वीस मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे आपल्या डोक्यावरील केसाच्या जाडीहून बरेच लहान. त्यातून उडणारा थेंब दोन ते तीस पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. दहा पिकोलिटरचा थेंब धरला तर एक मिलिलिटर शाईत असे दहा कोटी थेंब मावतात. प्रत्येक छिद्र सेकंदाला हजारो थेंब सोडते आणि प्रत्येक थेंब सेकंदाला पाच ते दहा मीटर वेगाने कागदाकडे झेपावतो. हा थेंब गोल राहिला पाहिजे, त्याला लांब शेपूट फुटता कामा नये. शेपटी तुटून तिचे बारीक तुषार झाले, की अक्षराच्या कडेला धुळीसारखे ठिपके उमटतात. पाण्याची धार तुटून तिचे थेंब का होतात, याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवले होते. शाई बनविणारे आजही त्याच गणिताचा आधार घेतात.

शाई उडविण्याची कल्पनाही तशी जुनीच. समुद्राखालील तारायंत्राचे क्षीण संदेश कागदावर उमटावेत, म्हणून लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६७ मध्ये शाईच्या बारीक नळीचे यंत्र बनविले होते. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये हृदयाचे आलेख शाईच्या झोताने काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. (१९५८ मध्ये शरीरात बसविलेला पहिला पेसमेकरही याच एल्मक्विस्ट यांचा.) परंतु घरोघरी पोहोचलेल्या प्रिंटरचा जन्म मानला जातो तो १९७७ मधील एका अपघाताने. जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली कथलाची डाग देण्याची इस्त्री शाई भरलेल्या सुईला चुकून टेकली आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने शाई उकळते, बुडबुडा तयार होतो आणि तो पुढची शाई बाहेर ढकलतो, हे तत्त्व हाती लागले. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे जॉन वॉट स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. १९८४ मध्ये त्या कंपनीचा ‘थिंकजेट’ बाजारात आला. त्याला खास कागद लागत असे. साध्या कागदावर चालणारा ‘डेस्कजेट’ यायला १९८८ साल उजाडले.

बुडबुड्याच्या तंत्राला पाण्याची शाईच हवी, कारण त्यात उकळायचे असते ते पाणीच. प्रिंटरच्या डोक्यातील सूक्ष्म तापक काही दशलक्षांश सेकंदांत शाईचा अगदी पातळ थर तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवितो. हे चक्र कोट्यवधी वेळा चालते. दूध तापवताना पातेल्याच्या तळाला जशी खरपूड धरते, तशीच शाईची खरपूड या तापकावर साचू लागते आणि थेंबाचा जोर कमी होतो. या दोषाचे इंग्रजी नाव ‘कोगेशन’. ते आले आहे ‘करपणे’ या अर्थाच्या जपानी शब्दावरून. त्यावरचा उपाय म्हणजे रंगाचे शुद्धीकरण. कापड रंगविण्यासाठी वापरला जाणारा रंग जसाच्या तसा शाईत घालून चालत नाही. त्यातील क्षार आणि धातूंचे अंश काढून टाकावे लागतात. इंकजेटचा रंग महाग असण्याचे हे एक खरे कारण आहे. अर्थात शाईच्या किमतीची सारीच कारणे रासायनिक नसतात, हे वाचकांना सांगायला नको.

एप्सन कंपनीने दुसरा मार्ग धरला. विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या, म्हणजेच ‘पिझो’च्या, धक्क्याने शाई उडवायची. येथे उकळणे नाही, त्यामुळे शाईच्या घटकांची निवड अधिक मोकळेपणाने करता येते. छिद्र वाळण्याचा प्रश्न मात्र तोच.

त्या प्रश्नावरील उत्तर स्वयंपाकघराच्या नाही, तरी औषधांच्या कपाटात सापडते. ते म्हणजे ग्लिसरीन. हिवाळ्यात फुटलेल्या ओठांना आपण जे लावतो तेच. हवेतील ओलावा धरून ठेवण्याचा त्याचा गुण छिद्राच्या तोंडाशी शाई ओली ठेवतो. ग्लिसरीन आणि त्याच्या कुळातील ग्लायकॉल मिळून शाईचा दहा ते तीस टक्के भाग व्यापतात. पण ही औषधमात्रा जपून द्यावी लागते. ग्लिसरीन वाढविले की शाई दाट होते आणि उडत नाही; शिवाय कागदावरही ती चिकट राहते.

दुसरी अडचण पृष्ठताणाची. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे बहात्तर डाइन इतका जास्त असतो, म्हणून ते अळवाच्या पानावर मोत्यासारखे टपोरे राहते. इतक्या ताणाची शाई कागदात लवकर मुरणार नाही. म्हणून त्यात साबणाच्या जातीचे द्रव्य अगदी थोडे मिसळून हा ताण तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान आणतात. तो आणखी उतरविला तर शाई छिद्रातून आपोआप पाझरू लागते आणि कागदाच्या तंतूंतून पसरून अक्षराला मिशा फुटतात. कोपऱ्यावरच्या दुकानात भरून घेतलेल्या काडतुसाची शाई कधी गळते, तर कधी अडकते, त्याचे मूळ बहुधा येथेच असते. रंग जुळला तरी ताण जुळलेला नसतो. याखेरीज शाईत बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशक, धातूचा गंज रोखणारे द्रव्य आणि सामू स्थिर ठेवणारे क्षार घालावे लागतात. भरण्यापूर्वी शाईत विरघळलेली हवादेखील काढून टाकतात, कारण नको तेथे आलेला एक बुडबुडा संपूर्ण छिद्र बंद पाडू शकतो.

आता पुन्हा त्या पावसाच्या थेंबाकडे येऊ. शाईतील रंग दोन प्रकारांनी राहू शकतो. पहिला प्रकार ‘रंजक’. तो साखरेसारखा पाण्यात पूर्ण विरघळतो. सुरुवातीच्या काळ्या शाईत तर खाद्यपदार्थांसाठीचा काळा रंग वापरला जाई. असा रंग तेजस्वी दिसतो, छिद्रात अडकत नाही; परंतु जो पाण्यात विरघळून कागदावर आला, तो पाण्यातच विरघळून निघूनही जातो. मँचेस्टरजवळच्या ब्लॅकली येथील आयसीआय कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर एक चतुर तोडगा काढला. शाईच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळेल. पण कागदावरील आम्लतेची गाठ पडताच अविद्राव्य होईल, असा रंगाचा रेणूच त्यांनी घडविला.

दुसरा प्रकार ‘रंगद्रव्य’. ते पाण्यात विरघळत नाही. त्याचे सुमारे शंभर नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत राहतात. काळ्या शाईत हे कण असतात शुद्ध काजळीचे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या जुन्या पोथ्या दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी खलून केलेल्या शाईने आणि बोरूने लिहिल्या गेल्या. शतके लोटली तरी त्यांतील अक्षर काळेभोर आहे. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देण्याचे जे काम तेथे डिंक करी, ते आजच्या शाईत कृत्रिम बहुवारिक करते किंवा कणांच्या पृष्ठभागावर चढविलेला ऋण विद्युतभार करतो. फरक इतकाच, की बोरूला चार बारीक गुठळ्या चालून जात. वीस मायक्रॉनच्या छिद्राला एकही चालत नाही.

काळी शाई कागदावर स्थिरावते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. काही कागदांवर कॅल्शियमचा क्षार लावलेला असतो. शाईचा थेंब पडताच हा क्षार कणांवरील विद्युतभार निष्प्रभ करतो. लिंबू पिळताच दूध नासावे, तशी शाई पृष्ठभागावरच फाटते. पाणी खाली मुरते, काजळी वर राहते. म्हणून अशा कागदावर अक्षर ठळक दिसते आणि पावसात टिकते.

छायाचित्रांच्या बाबतीत शत्रू पाणी नाही, हवा आहे. याचा धडा २००० साली मिळाला. एप्सनच्या ‘स्टायलस फोटो ८७०’ आणि ‘१२७०’ या प्रिंटरवरील चित्रे दीर्घकाळ टिकतील, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात काही ग्राहकांची भिंतीवर उघडी लावलेली चित्रे थोड्याच दिवसांत नारिंगी झाली. प्रयोगशाळेतील चाचण्या प्रकाशाच्या होत्या. येथे गुन्हेगार निघाला हवेतील ओझोन. पटकन वाळण्यासाठी बनविलेल्या कागदावरील सच्छिद्र थरातून तो आत शिरला आणि त्याने तांब्याच्या संयुगाचा निळा रंग मोडला. निळा गेला, उरले पिवळे आणि किरमिजी. काचेआड ठेवलेली चित्रे त्या मानाने वाचली. त्यानंतर टिकाऊपणाच्या चाचणीत ओझोनला कायमचे स्थान मिळाले आणि ओझोनला दाद न देणारे निळे रंग शोधण्याची स्पर्धा सुरू झाली.

इतका त्रास देणाऱ्या पाण्याचा नाद सोडून का देऊ नये? चौकाचौकांतील फ्लेक्सच्या छपाईत दीर्घकाळ तेच झाले. तेथे पाण्याऐवजी सायक्लोहेक्झानोनसारखी द्रावके वापरली जातात. ती प्लास्टिकमध्ये शिरून रंग पक्का करतात. मात्र त्यांचा उग्र वास आणि वाफा कारागिराच्या फुप्फुसात जातात. अतिनील किरणांनी क्षणात कडक होणारी शाई हा दुसरा पर्याय. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत नेस्लेचे लहान मुलांसाठीचे सुमारे तीन कोटी लिटर दूध जप्त झाले, ते खोक्यावरील अशाच शाईतील ‘आयटीएक्स’ हे रसायन दुधात उतरल्यामुळे. ती शाई इंकजेटची नव्हती, परंतु अन्नाच्या वेष्टनावर काय छापावे, या प्रश्नाला तेव्हापासून धार आली. (आपल्याकडे वडापाव वर्तमानपत्रात बांधून देण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी बंदी आहे, ती छपाईच्या शाईमुळेच. गाड्यांवर ती कितपत पाळली जाते, हे वाचक जाणतातच.)

म्हणूनच संशोधनाचा ओघ पुन्हा पाण्याकडे वळला. ह्यूलेट-पॅकार्डने २००८ मध्ये आणलेल्या ‘लेटेक्स’ शाईत रंगाबरोबर प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. उष्णता देताच पाणी उडते, कण वितळून एकजीव होतात आणि रंगावर पापुद्रा धरतात. त्यामुळे फलकही पाण्याच्या शाईने छापता येऊ लागले. मात्र पाणी उडविण्यास फार उष्णता लागते आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तापविला की आकसतो. वेष्टनाच्या छपाईत आजही घोडे येथेच अडते.

कापडाचे तर निराळेच प्रश्न. सुती कापडासाठीचे रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. पण ते पाण्याशीही हळूहळू जोडले जातात आणि शाई डब्यातच निकामी होऊ लागते. म्हणून जोडणी घडवून आणणारा अल्क शाईत न घालता आधी कापडाला लावतात आणि छपाईनंतर कापड वाफवून धुतात.

आणि सर्वांत हट्टी निघाली आहे ती पांढरी शाई. काळ्या टी-शर्टवर चित्र छापायचे तर खाली पांढरा थर हवाच. तो देणारे टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे चौपट जड असते आणि त्याचे कण काजळीच्या कणांहून मोठे ठेवावे लागतात, अन्यथा ते झाकत नाहीत. परिणामी यंत्र थांबले की पांढरा रंग तळाशी बसू लागतो. अशा यंत्रांतील पांढरी शाई म्हणून सतत फिरती ठेवतात. काम नसले तरी, रात्रीही.