हातांतील फोन आणि आपला सात-बारा

नवें आऊत घरीं आलें म्हणजे जाणता शेतकरी तें एकदम उभ्या पिकांत घालीत नाहीं. बांधालगतच्या मोकळ्या तुकड्यांत तें आधीं चालवून पाहतो. फाळ किती खोल जातो, बैलांस ओढ किती पडते, कोठें अडतें, हें सर्व ध्यानांत आल्यावर मगच तें मोठ्या वावरांत उतरवितो. हाच शेतकरी हातांतील फोनच्या बाबतींत मात्र इतका निष्काळजी कां होतो, हें कोडें आम्हांस पुष्कळ दिवस पडलें आहे. ज्या ॲपवर त्याचा सात-बारा, पीककर्ज आणि नुकसानीची भरपाई अवलंबून, तें न पारखतां तो शेजारच्या मुलाच्या हातीं देतो आणि आपण बांधावर तंबाखू मळीत बसतो.

पुणें-सातारा रस्त्यावर कापूरहोळ येथें भोरचा आणि सासवडचा असे दोन फांटे फुटतात. भोर व वेल्हें या भागांतील भात पिकविणाऱ्या मंडळींचें या नाक्यावर नित्य येणें-जाणें असतें, आणि खतें-बियाण्यांच्या गोष्टींइतक्याच आतां तेथें फोनच्या गोष्टी निघतात. तेथें ऐकलेलें, शेतांत पाहिलेलें व स्वतः चुकून शिकलेलें असें जें कांहीं आमच्यापाशीं जमलें आहे, तें सभासद बंधूंपुढें येथें मांडीत आहों.

(१) आज्ञा आहे, समज नाहीं.— फोन किंवा संगणक हा यंत्राचा सांगाडा होय. त्याच्याकडून काम करवून घेण्याकरितां ज्या क्रमवार आज्ञा आधींच लिहून ठेवलेल्या असतात, त्यांस सॉफ्टवेअर म्हणतात. आणि फोनवर एका ठराविक कामापुरतें जें सॉफ्टवेअर बसवितात तें ॲप. या आज्ञा कितीही कुशलतेनें लिहिलेल्या असोत, आपल्या मनांत काय होतें हें त्यांस कळत नाहीं. गाडींत मालकाचा डोळा लागला तरी जुना बैल वाट ओळखून गाडी घरापाशीं आणून उभी करतो. फोनचें तसें नाहीं. आपण चुकीचा आंकडा दिला तर तो चुकीचाच आंकडा तो इमानेंइतबारें पुढें पोंचवितो.

पूर्वीं पिकाची नोंद गांव नमुना १२ मध्यें तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा प्रकल्प राज्यभर सुरू झाला आणि ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या फोनवरून करावी असें ठरलें. या कामीं महसूल खात्यास टाटा ट्रस्टचें साहाय्य होतें. २०२४ च्या रब्बी हंगामापासून हें काम केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या पद्धतीनें नव्या ॲपवर होऊं लागलें. ॲप बदललें तरी मुद्दा तोच राहतो: दप्तराची लेखणी आतां आपल्या हातीं आली आहे. लेखणीबरोबर जबाबदारीही आली, ही गोष्ट मात्र अद्याप पुष्कळांच्या ध्यानीं आलेली नाहीं.

(२) एका टिंबाची किंमत.— आमच्या माहितींतील एका शेतकऱ्याचा गट ६० आर क्षेत्राचा आहे. एका खरिपांत त्यानें त्यांत ५ आर भुईमूग आणि ५५ आर भात केलें. नोंद करण्यास त्यानें एका कॉलेजांत जाणाऱ्या मुलास शेतांत पाठविलें. मुलगा हुशार, परंतु त्यानें भुईमुगाचें क्षेत्र लिहितांना ०.०५ च्या ऐवजीं ०.५ असें लिहिलें. ॲपनें तें निमूटपणें घेतलें, कारण गटाचें एकूण क्षेत्र ०.६० होतें आणि ०.५ त्याच्या आंत बसत होतें. मग भाताची पाळी आली, तेव्हां ०.१० एवढेंच क्षेत्र शिल्लक राहिलें. मुलानें तेवढेंच भरलें आणि काम झाल्याचें घरीं सांगितलें. ऐन कापणीच्या वेळीं पाऊस झाला, भात आडवें होऊन पाण्यांत गेलें, आणि पंचनाम्याच्या वेळीं उतारा काढून पाहतात तों त्यावर भात अवघें १० आर! एका एकराहून अधिक भात शेतांत कुजत पडलें होतें. दप्तरांत मात्र तें कधीं पेरलेंच गेलें नव्हतें. पुढें अर्ज, पुरावे आणि तालुक्याचे हेलपाटे यांत त्या गृहस्थाचा रब्बीचा पेरा मागें पडला, तो निराळाच.

या ठिकाणीं हिशेब नीट समजून घ्यावा. आपल्या तोंडीं गुंठे व एकर बसले आहेत. दप्तराचें माप हेक्टर व आर आहे. १०० आर म्हणजे १ हेक्टर, म्हणून ५ आर हे ०.०५ असे लिहावयाचे आणि ५० आर हे ०.५० असे. गुंठा व आर यांत फरक फार थोडा आहे. १ गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर आणि १ आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. सबब जितके गुंठे तितके आर, असें धरून चालण्यास व्यवहारांत हरकत नाहीं. परंतु टिंबानंतर नेहमीं दोन अंक लिहावे. ज्यास ही एक संवय लागली, त्याच्या निम्म्या चुका टळल्या असें समजावें.

तसेंच पिकाच्या वर्गाविषयीं. निर्भेळ पीक, मिश्र पीक, चालू पड, कायम पड हे शब्द ॲपमध्यें एकाखालीं एक येतात, आणि घाईंत बोट खालच्या शब्दावर पडतें. आंब्याच्या चार झाडांखालीं भात असेल तर काय लिहावें, याचा विचार घरींच करून जावें. पावसांत, भिजलेल्या बोटांनीं, बांधावर उभें राहून असले विचार सुचत नाहींत.

(३) फोनास जागा कशी कळते?— पीक पाहणीचा फोटो शेतांतच उभें राहून घ्यावा लागतो. घरीं बसून नोंद करणें म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणें होय. फोनास आपण कोठें आहों हें कळतें तें आकाशांतील उपग्रहांवरून. जी.पी.एस. नांवाच्या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांच्या संदेशांस फोनपर्यंत येण्यास किती वेळ लागला, यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचें अंतर काढतो, आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं म्हणजे आपली जागा ठरवितो.

यावरून दोन गोष्टी सहज ध्यानांत येतील. पहिली अशी कीं, आकाश जितकें मोकळें तितकी जागा अचूक. दाट झाडाखालीं किंवा उंच कड्याच्या कुशींत कांहीं उपग्रह झांकले जातात व कांहींचे संदेश डोंगरावर आपटून वळसा घेऊन येतात. त्यामुळें अंतर वाढल्याचा भास होऊन खूण भलत्याच जागीं पडते. दुसरी अशी कीं, अगदीं मोकळ्या आकाशाखालींही साध्या फोनची चूक सुमारें १६ फुटांपर्यंत असूं शकते. देशावरच्या मोठ्या वावरांत १६ फूट म्हणजे कांहींच नव्हे. परंतु गुंठ्याची बाजू अवघी ३३ फूट असते, आणि आपल्या डोंगरउताराचीं कित्येक भातखाचरें रुंदीला त्याहूनही कमी आहेत! तेथें बांधावर उभें राहून फोटो घेतला तर खूण शेजाऱ्याच्या गटांत पडण्याचा संभव फार. म्हणून खाचराच्या मध्याकडे जावें, छत्री व झाड यांपासून दूर व्हावें, फोन मिनिटभर उघड्यावर धरून मग फोटो घ्यावा. पाय चिखलांत भरतील, परंतु नोंद कोरडी राहील.

(४) जतन झालें म्हणजे पोंचलें नव्हे.— रस्त्यालगत फोनची रेंज चांगली असते. आंतल्या खोऱ्यांत शिरावें तसतशी ती क्षीण होत जाते. अशा ठिकाणीं भरलेली माहिती व फोटो फोनमध्येंच पडून राहण्याचा संभव असतो, आणि रेंज मिळाल्यावर ती मुद्दाम रवाना करावी लागते. पत्र लिहून खिशांत ठेवलें म्हणजे टपालांत पडलें असें नव्हे. तोच न्याय येथें. मध्यंतरीं फोन बिघडला किंवा जागा भरली म्हणून कोणी ॲप काढून टाकलें, तर खिशांतील पत्र हरवल्यासारखें होतें. कित्येकांची नोंद मुदतींत न होण्याचें कारण आळस नसून हाच गैरसमज असतो, असें आमचें पाहणें आहे.

पोंचलेली नोंदही एकदां डोळ्यांखालून घालावी. २०२२ साली आलेल्या ई-पीक पाहणीच्या दुसऱ्या आवृत्तींत, नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आंत ती एकदां दुरुस्त करण्याची सोय ठेवली गेली. वर सांगितलेल्या गृहस्थानें दुसऱ्याच दिवशीं फोन उघडून पाहिला असता, तर टिंबाची चूक जागच्या जागीं सुधारली असती. त्यानें ती पाहिली कापणीच्या वेळीं.

(५) नांवाचा घोळ.— गांवांत दत्तू, दत्तोबा व दत्तात्रय हा एकच मनुष्य आहे, हें लहान पोरही सांगेल. यंत्र तें सांगूं शकत नाहीं. तें अक्षराला अक्षर लावून पाहतें. एका कागदावर ऱ्हस्व व दुसऱ्यावर दीर्घ असेल, एकीकडे वडिलांचें नांव व दुसरीकडे नुसतें आडनांव असेल, तर त्याच्या मतें ते दोन भिन्न इसम ठरण्याचा संभव असतो. ॲग्रिस्टॅक योजनेंतील शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रांत कृषि विभागाच्या योजनांसाठीं अनिवार्य झाला. त्यांत आधार व सात-बारा यांची सांगड घातली जाते, म्हणून ही अक्षरांची तफावत आतां पूर्वींपेक्षां अधिक नडते. आधार, बँकेचें खातेंपुस्तक व सात-बारा हे तीन कागद एका सतरंजीवर शेजारीं शेजारीं मांडून नांवें ताडून पाहण्यास एक संध्याकाळ पुरे. फरक दिसल्यास हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वींच दुरुस्तीचा अर्ज करावा.

(६) चोरवाटा.— बाजारांत खिसेकापू असतात तसे येथेंही आहेत. सरकारी योजनेचें नांव देऊन व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते. तिच्या नांवाचा शेवट बहुधा 'एपीके' असा असतो. ती उघडली कीं परकें ॲप फोनांत शिरतें आणि बँकेचे संदेश वाचूं लागतें. योजनेचें ॲप नेहमीं फोनच्या अधिकृत ॲप-भांडारांतूनच घ्यावें. ओ.टी.पी. कोणासही सांगूं नये. पैसे घेण्यासाठीं यू.पी.आय.चा पिन कधींच लागत नाहीं. तो लागतो फक्त पैसे देण्यासाठीं. एवढें एक वाक्य घरांतील सर्वांनीं पाठ करावें. तरीही फसवणूक झालीच तर लाजून घरीं न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसे अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.

चुकीच्या नोंदीचें दुःख आपल्या जिल्ह्यास नवें नाहीं. १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनीची मोजणी व आकारणी केली. त्यामागील विचार शास्त्रीय होता. परंतु मोजणींत चुका राहिल्या, हाताखालच्या नोकरांनीं लांचलुचपत केली, आणि कागदावरचें उत्पन्न व शेतांतील उत्पन्न यांचा मेळ राहिला नाहीं. शेतकरी जमिनी टाकून जाऊं लागले आणि अखेर ती जमाबंदी सोडून द्यावी लागली. पुढें १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी लागू केली. त्या काळच्या कुणब्यास आपल्या शेताविषयीं दप्तरांत काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें. वाचतां येणाऱ्यास पाहावयास मिळत नव्हतें. आज तोच कागद आपल्या तळहातावर उघडतो. महाभूलेखावर उतारा विनामूल्य पाहतां येतो, आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून मिळतो. पूर्वजांस जें मिळालें नाहीं तें मिळालें असतां आपण डोळे मिटून राहिलों, तर दोष कोणास द्यावयाचा?

तरुण मुलांची मदत घेऊं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. बोट त्यांचें चालूं द्यावें. डोळा मालकाचा असावा. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्यास पाणी किती मिळालें हें समजत नाहीं. याकरितां पुढील नियम घरांतील भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत:

१. शेतांत जाण्यापूर्वीं गट क्रमांक, प्रत्येक पीक व त्याचें क्षेत्र कागदावर लिहून न्यावें.
२. क्षेत्र लिहितांना टिंबापुढें दोन अंक असावेत.
३. फोटो खाचराच्या मध्यांतून, उघड्या आकाशाखालीं घ्यावा.
४. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नये. त्या दिवशीं सर्वांचीच गर्दी उसळते आणि यंत्र मंद होतें.
५. नोंद रवाना झाल्याची खात्री करावी व दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां वाचावी.
६. हंगामांत एकदां सात-बाऱ्यावर पीक उतरलें कीं नाहीं तें पाहावें. न उतरल्यास तलाठी, म्हणजे हल्लींचे ग्राम महसूल अधिकारी, यांस लेखी कळवून पोंच घ्यावी.

या सर्वांस मिळून एका हंगामांत फार तर दोन तास लागतील. भाताच्या एका खाचराची बेणणी करण्यास याहून अधिक वेळ जातो, आणि ती आपण कोणाच्या सांगण्याची वाट न पाहतां करतों. कागदावरचें तणही त्याच निगुतीनें वेळच्या वेळीं काढावें.