नाणेघाटातली राणी

रोमन लोकांनी बांधलेले दगडी रस्ते मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात असतात. पण रोमचा माल जिच्यावरून चढला ती वाट आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरपासून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? ती म्हणजे नाणेघाट. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. ही वाट त्याहून हजार वर्षांनी जुनी!

सातवाहनांच्या काळी कल्याण, सोपारा बंदरांत उतरलेला माल या घाटाने जुन्नर, पैठणकडे जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या कल्याणचं नाव आहे. पश्चिमेकडून द्राक्षाची दारू, तांबं, काच येई आणि इकडचं सुती कापड तिकडे जाई.

कल्याणहून मुरबाड-माळशेजची एस.टी. धरायची, वैशाखरे गाव मागे टाकलं की उतरायचं. पुढे दोन-अडीच तासांची चढण. कातळातल्या पायऱ्या, फरसबंदी आणि पाण्याची टाकी अजून आहेत. माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

पण खरं बघायचं ते माथ्याच्या जरा खालचं लेणं. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. ही सातकर्णी राजाची राणी. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा तिने चोख मांडली आहे: कुठे १२ गायी नि १ घोडा, कुठे १७०० गायी नि १० हत्ती. जमाखर्चाची वहीच म्हणा ना! भारतातल्या अगदी जुन्या आकड्यांत हे आकडे मोडतात. शून्य मात्र त्यांत नाही. हजाराची खूण वेगळी, सातशेची वेगळी.

नवऱ्यामागे घरात राहून तापसीसारखी राहणारी, महिना-महिना उपास करणारी, असंही तिचं वर्णन आहे. मला वाटतं, व्रतं करणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या असतील. पण भर व्यापारी रस्त्यावर, येणारा-जाणारा वाचील असा लेख कितीजणींचा?

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं नि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय. अक्षरंही झिजताहेत. पावसाळ्यात इथे झुंबड उडते, तेव्हा मुलांना आधीच बजावावं: भिंतीला हात लावायचा नाही, खडूने नाव लिहायचं नाही.

सासूबाईंना न्यायचं असेल तर जुन्नर-घाटघरकडून जा. तिकडून गाडी माथ्यापर्यंत जाते, लेण्यापर्यंत थोडंच उतरावं लागतं.