चित्र जतन कां होत नाहीं ?

रत्नागिरीचा पावसाळा जुन्या कागदांना फार कठीण जातो. आमच्या माजघरांतील पेटाऱ्यांत कांहीं मोडी कागद व आजोबा-आजींचा एकुलता एक फोटो होता. गेल्या श्रावणांत पेटारा उघडून पाहतों तों फोटोस बुरशी लागलेली ! नातीनें तो स्कॅन करून घेतला आणि चार दिवस संगणकावर एकेक डाग पुसला. चौथ्या रात्रीं जतन करण्याची आज्ञा दिली, तों पडद्यावर नकार उमटला. पोरीनें दोनतीनदां तेंच केलें व शेवटीं घाबरून प्रोग्रॅम बंद केला. चार दिवसांचे श्रम क्षणांत नाहींसे झाले. घरांत तिला बोलणीं बसलीं. त्यांत माझाहि वांटा होता, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं शांतपणें पाहिलें, तेव्हां कारण अगदींच क्षुल्लक निघालें. तिनें फाइलीच्या नांवांत तारीख घालून मध्यें तिरप्या रेघा दिल्या होत्या. विंडोजमध्यें फाइलीच्या नांवांत दोन्ही तिरप्या रेघा, उभी रेघ, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह व कोनी कंस हीं चिन्हें चालत नाहींत. तारखेंत आडवी रेघ दिली असती तर कांहींच बिघडलें नसतें.

जतन न झालेलें चित्र प्रोग्रॅम उघडा आहे तोंवर संगणकाच्या स्मृतींत शाबूत असतें. तो बंद होतांच किंवा वीज जातांच तें बहुधा नष्ट होतें. म्हणून नकार आला असतां प्रोग्रॅम बंद करूं नये. संदेश पुरता वाचून कागदावर उतरून घ्यावा. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथेंहि आधीं निदान, मग उपाय.

प्रथम चित्र साध्या, आंखूड नांवानें डेस्कटॉपवर जतन करून पाहावें. तेथें झालें, तर दोष नांवांत किंवा स्थळांत आहे असें समजावें. स्थळाचे दोष अनेक. डिस्क भरलेली असते, पेनड्राइव्ह मध्येंच काढलेला असतो. 'फॅट ३२' पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी इतकी मोठी एक फाइल मावतच नाहीं. एकत्र कुटुंबांत संगणक एक व खातीं अनेक. काकांच्या फोल्डरमध्यें लिहिण्याचा अधिकार पुतण्यास नसला, तर संगणक नाहीं म्हणणारच. विंडोजच्या सुरक्षाव्यवस्थेंतहि अनोळखी प्रोग्रॅमला ठराविक फोल्डरांत लिहूं न देण्याची सोय आहे; ती चालू असल्यास त्या प्रोग्रॅमला परवानगी द्यावी लागते.

डेस्कटॉपवरहि नकारच आला, तर चित्राचा प्रकार पाहावा. जेपेगमध्यें पारदर्शक भाग व निरनिराळे थर राहत नाहींत. पीएनजीमध्यें पारदर्शकता राहते, पण थर राहत नाहींत. थर हवे असल्यास प्रोग्रॅमचा स्वतःचाच प्रकार वापरावा. 'गिंप' या मोफत प्रोग्रॅममध्यें २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीपासून 'सेव्ह' केलें असतां एक्ससीएफ हा त्याचा स्वतःचा प्रकारच मिळतो. जेपेग अगर पीएनजी हवें असल्यास 'एक्स्पोर्ट' करावें लागतें. पुष्कळांस हा बिघाड वाटतो. वस्तुतः तो नियम आहे. नांवाचें शेपूट बदलल्यानेंहि प्रकार बदलत नाहीं. आंब्याच्या लोणच्याच्या बरणीवर लिंबाची चिठ्ठी लावल्यानें आंतील लोणचें बदलतें काय ?

आणखी एक सूचना. जेपेग चित्र बदलून पुनःपुन्हां जतन केल्यास दर वेळीं त्याचा थोडा ऱ्हास होतो. नकलेवरून नक्कल करतां करतां पोथींत अपपाठ शिरतात, तसेंच हें आहे. यास्तव स्कॅन केलेली मूळ प्रत कधींहि न बदलतां निराळी ठेवावी. आमची ती राहिली होती, म्हणूनच नातीस पुन्हां आरंभ करतां आला. या खेपेस ती दर अर्ध्या तासानें जतन करीत गेली.

आतां तो फोटो घरच्या संगणकावर, पेनड्राइव्हवर व पुण्यास पुतण्याकडे असा तीन ठिकाणीं आहे. नात तारखेंत आडवी रेघ देते, आणि मीं बोलण्यापूर्वीं कारण विचारण्याचा नेम केला आहे.