मानद डॉक्टरेट आणि कोल्ह्याची वरात

रोह्याकडच्या लग्नात खालूबाजावाल्यांची एक खोडी ठरलेली. नवरदेव मांडवाशी आला की सनईवाला अगदी गंभीर चेहऱ्याने एखाद्या छचोर सिनेमागाण्याची चाल धरतो. शब्द कुणीच म्हणत नाही, पण ते ज्याच्या त्याच्या डोक्यात असतात. करवल्या तोंडाला पदर लावतात. पाहुण्यांत एखादा जर्मन असला, तर तो आदराने मान डोलावेल.

जर्मन संगीतकार योहान्नेस ब्राह्म्सचं ‘अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर’ ऐकताना आपण त्या जर्मन पाहुण्याच्या जागी असतो.

1879 साली ब्रेस्लाऊ विद्यापीठाने (ते शहर आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) ब्राह्म्सला मानद डॉक्टरेट दिली. लॅटिन मानपत्रात त्याला जर्मनीतल्या भारदस्त संगीताचा अग्रणी ठरवलं होतं. याने आभाराचं कार्ड टाकून विषय संपवला. तेव्हा तिथला संगीतसंचालक बर्नहार्ड शोल्झ याने कळवलं, की विद्यापीठाची अपेक्षा एखाद्या रचनेची आहे. मग 1880च्या उन्हाळ्यात बाड इश्लला ब्राह्म्सने हे ओव्हर्चर लिहिलं. ओव्हर्चर म्हणजे साधारण आपली नांदी. फक्त हिच्यामागे नाटक नाही.

आणि या भारदस्त माणसाने पाठवलं काय, तर पोरांनी बिअर पिताना म्हणायची गाणी! चार गाणी, एकात एक गुंफलेली. वाद्यमेळ मात्र जंगी: झांजा, ट्रँगल, मोठा ढोल, सगळा लवाजमा. सुरुवात दबक्या पावलांची. मग तीन ट्रम्पेट हळूच एक चाल धरतात, देवळात शोभेल अशी. 1819 मध्ये येना शहरातली विद्यार्थी संघटना मोडावी लागली, तेव्हाचं हे गाणं.

खरी गंमत पुढे. बसून नावाचं जाडसर, घोगरं सुषिर वाद्य आहे (नाव बसून, पण उभ्यानेही वाजवतात). दोन बसून तुरुतुरु एक चाल सुरू करतात. जर्मन विद्यार्थी नवख्या पोराला ‘कोल्हा’ म्हणत, आणि हे त्या कोल्ह्याची टर उडवायचं गाणं. घरी आईबाप काय करतात विचारायचं, तंबाखू ओढायला लावायची, मग त्याच्या पोटात ढवळलं की हसायचं. म्हणजे गाऊन घातलेल्या विद्वानांसमोर चक्क रॅगिंगचं गाणं. 4 जानेवारी 1881ला ब्रेस्लाऊत ते वाजवून घ्यायला ब्राह्म्स स्वतः उभा होता. हा गृहस्थ कधी विद्यापीठात शिकलेला नाही.

रचना दहाएक मिनिटांची. रोहा-दिवा मेमू गाडीत नागोठणं सुटल्यावर कानाला लावलीत, तर पेणच्या आधी संपते. बसून आले की कोल्हा आठवा.