मामांची साब्रा

सन २०२४च्या शरद ऋतूत हैफा आखाताच्या परिसरावर लेबनॉनमधून रॉकेटे येत होती. त्या दिवसांत किर्यात याम येथे राहणाऱ्या माझ्या मामांचा एका रात्री मला फोन आला. प्रकृतीचे काही असेल, या धास्तीने मी फोन घेतला. मामा म्हणाले, "अरे, तुला अजून मराठी नीट वाचता येते ना? मग येऊन माझी वही घेऊन जा आणि तिचे हिब्रू करून दे. मोटारीला गिऱ्हाईक आले आहे."

मामांची मोटार विकाऊ आहे, हे ऐकून मी काही क्षण निःशब्द झालो. आमच्या कुटुंबात मामांचे घर, मामांची प्रकृती, मामांचे निवृत्तिवेतन या सर्व विषयांवर मोकळेपणाने बोलता येत असे. मोटार हा विषय मात्र कोणी काढीत नसे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने तो काढला होता. त्यानंतर दोन महिने बापलेकांत अबोला होता.

ही मोटार म्हणजे ‘साब्रा स्पोर्ट’. आपल्या तरुण वाचकांपैकी अनेकांना हे नावही ठाऊक नसेल, म्हणून थोडी हकीकत देतो. यित्झाक शुबिन्स्की या उद्योजकाने हैफा येथे ऑटोकार्स नावाचा मोटारींचा कारखाना काढला होता. इंग्लंडमधील टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीच्या साहाय्याने तेथे फायबरग्लासच्या बांध्याच्या मोटारी होत असत. त्यांपैकी ‘सुसिता’ जुन्या पिढीस आठवत असेल. उंट तिचे पत्रे खातात, ही थट्टा तर देशभर प्रसिद्ध होती. (पत्रे नव्हतेच, हा भाग निराळा. आणि उंटांच्या वतीने कोणी साक्ष दिल्याचे मी ऐकलेले नाही.) परंतु शुबिन्स्कींस अमेरिकेची बाजारपेठ हवी होती, आणि तेथे सुसिता चालण्यासारखी नव्हती. तेव्हा इंग्लंडमधील ॲशली कंपनीचा बांधा आणि लेस्ली बॅलमी यांच्या रचनेची चासी एकत्र आणून त्यांनी उघड्या टपाची, दोन आसनांची एक वेगवान मोटार सिद्ध केली. इंजिन फोर्ड कॉन्सलचे, १७०३ सीसीचे. गिअरपेटी जर्मनीची झेडएफ. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. १९६१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. घाई इतकी होती, की पहिल्या शंभर मोटारी हैफा येथे न होता टॅमवर्थ येथेच बांधल्या गेल्या. पुढे सर्व मिळून चारशेच्या आतच साब्रा जन्मास आल्या. अमेरिकेचे ग्राहक एमजी आणि ट्रायम्फ सोडून तिच्याकडे वळले नाहीत. ऑटोकार्सही पुढे अडचणीत येऊन हातोहात फिरली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी ती परंपरा संपुष्टात आली.

मामा १९६२ साली मुंबईहून आले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. आमचे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. लोखंडाचे काम मामांच्या हातात घरूनच आले होते. हैफा येथे मात्र त्यांना लोखंड मिळाले नाही. मिळाला तो फायबरग्लास. राळेत भिजवलेले काचतंतूंचे थर साच्यात बसवायचे, वाळले की काचकागदाने घासायचे. घरी आल्यावर मामी त्यांना बाहेरच बाह्या झटकावयास लावीत. त्या काळी त्यांनी साब्रा दुरून पाहिली आणि ती मनात भरली. विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

१९८३ साली अक्कोजवळच्या एका भंगारवाल्याच्या आवारात त्यांना एक साब्रा सापडली. इंजिन नव्हते, आसने नव्हती, चाके तीन. कागद पाहता कळले, की अमेरिकेतून आलेल्या एका कुटुंबाने ती आपल्या सामानाबरोबर आणली होती, आणि ती पहिल्या शंभरांपैकी, म्हणजे टॅमवर्थची होती. या देशात जन्मलेल्यास साब्रा म्हणतात. मामांची मोटार नावाने साब्रा आणि जन्माने आपल्यासारखीच बाहेरून आलेली! मामा हे सांगताना आजही हसतात. त्यांच्या स्वतःच्या हाताचा एकही थर तिच्यात नव्हता, याचे त्यांना प्रथम वाईट वाटले असावे. पुढे सहा वर्षे घासून, भरून, जोडून त्यांनी ती उणीव भरून काढली.

आता वहीविषयी. कापडी पाठीची, दोनशे पानांची ती वही मामांनी मोटार आणली त्या दिवसापासून लिहिली, आणि मराठीत लिहिली. मुलगा व नात हिब्रूच वाचतात. त्यामुळे चाळीस वर्षे घरातल्या टेबलावर पडलेली ती वही घरात दुसऱ्या कोणी वाचलेली नव्हती. जुन्या मोटारींच्या व्यवहारात असल्या नोंदींना महत्त्व असते. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, किती चालली, हे सारे त्यावरून कळते. म्हणून गिऱ्हाइकाला ती हिब्रूत हवी होती.

मी वही घरी आणली आणि कामाला बसलो. आरंभीची पाने बोल्ट, वॉशर, रबरी नळ्या यांनी भरलेली होती. इंजिन एका मोडीत निघालेल्या कॉन्सलमधून काढले, त्याचे माप, त्याची किंमत. मग १९८९ सालच्या पेसाहच्या आधीच्या आठवड्यात ही नोंद: "आज इंजिन बोलले. पहिला फेरा एलियाहू हन्नाबीच्या गुहेपर्यंत. मलिद्याचे ताट हिच्या मांडीवर होते. वळणावर एक केळे पडले. येताना घासटवाणा आवाज, मागचे उजवे चाक." कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गुहेत आपली माणसे नवस फेडावयास जातात, हे वाचकांस ठाऊक आहेच, परंतु पोहे, नारळ व फळे यांचे ताट घेऊन स्पोर्ट मोटारीतून गेलेले हे पहिलेच जोडपे असावे.

मामी वहीत कोठेही नावाने येत नाहीत, सर्वत्र ‘ही’. "हिने टोपी बांधली." "हिला वेग आवडला, पण कबूल करीत नाही." १९९४ साली मोटार २,३१२ किलोमीटर चालली. त्या वर्षी बेर शेवा येथे एका लग्नाला उभयता टप उघडा ठेवून गेली आणि परतताना पावसात भिजली. २०१५ साली एके दिवशी फक्त "इस्पितळ", आणि पुढे सात महिने कोरे. त्यानंतरच्या नोंदींत ‘ही’ नाही. या पानांचे हिब्रू करताना माझी गती फार मंदावली, हे कबूल केले पाहिजे.

इकडे घरात तीन मते होती. मुलाचे म्हणणे सरळ होते. मामा १९६०च्या दशकातील इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, आणि १९९१च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत असते तशी संरक्षित खोलीही नाही. सायरन वाजला, की तळघरातील आश्रयस्थानी पोहोचावयास जेमतेम एक मिनिट. चौऱ्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना एका मिनिटात तीन जिने उतरता येत नाहीत. मामा जिन्यातच दुसऱ्या वळणावर भिंतीला पाठ लावून बसत. "अब्बा जिन्यात बसतात आणि मोटार शेडमध्ये झाकून ठेवलेली असते," असे मुलगा मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. मोटारीच्या पैशांतून नवे घर येणार नव्हते, पण जुन्या व नव्या घराच्या किमतीतील अंतर बरेच कमी होणार होते.

नातीचे मत अगदी उलट. सैन्यातून सुटल्यावर तिने हट्टाने गिअरची मोटार शिकून घेतली होती. "साबा, ती विकली तर परत मिळणार नाही," हे तिचे म्हणणे खरेच होते. परंतु ती तेल अवीव येथे दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. सायकल ठेवावयासही तेथे जागा नाही. शिवाय अशी मोटार ठेवणे म्हणजे काय, हे तिला पुरते ठाऊक नव्हते. तीस वर्षे पुरी झालेली मोटार या देशात संग्राहकाचे वाहन म्हणून नोंदविता येते. परवान्याचा खर्च कमी होतो, तथापि सकाळच्या गर्दीच्या वेळी ती रस्त्यावर आणण्यास मनाई असते. फोर्डच्या इंजिनाचे भाग इंग्लंडमधून अजून मागविता येतात. पुढच्या चाकांची जोडणी मात्र इतर मोटारींहून निराळी आहे. तिचा भाग झिजला तर तो घडवूनच घ्यावा लागतो, आणि तो घडविणारे हात मामांचे होते.

तिसरे मत मामांचे. ते कोणालाच सांगत नव्हते.

मला स्वतःला वाटत होते, की मोटार ठेवावी. म्हाताऱ्या माणसाकडून त्याची एकुलती एक हौस काढून घेऊ नये, असे मी मुलाला सुनावलेही. नंतर वहीच्या अखेरच्या पानांवर आलो. तेथे मी सवयीने किलोमीटरांची बेरीज केली. मागील चार वर्षांत मोटार एकूण ४१ किलोमीटर चालली होती.

फायबरग्लासला गंज चढत नाही, म्हणून लोक समजतात, की अशी मोटार झाकून ठेवली की झाले. पण खालची चासी पोलादी असते, आणि आखाताच्या किनाऱ्यावरची हवा खारी आहे. उभ्या मोटारीच्या टाकीतील पेट्रोल चिकट होते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आतून नळ्या खाते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. तेल न लागलेली रबरी सीले सुकून तडकतात. चालणारी मोटार झिजते. न चालणारी त्याहून वाईट रीतीने झिजते, आणि ते दिसत नाही.

भाषांतर घेऊन मी किर्यात यामला गेलो. मामांनी चहा केला. हात थरथरत असल्यामुळे कप अर्धाच भरला. मी म्हटले, "मामा, एक विचारू का? शेवटी तुम्ही ती नुसत्या आनंदाने कधी चालवलीत?" त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि शेवटच्या पानांवरून बोट फिरविले. शेडपासून तपासणीपर्यंत. तपासणीपासून शेडपर्यंत. बॅटरी भरण्यासाठी एक फेरी. पुन्हा तपासणी. त्यांचे बोट ४१ या माझ्या पेन्सिलीच्या आकड्यावर थांबले.

"क्लच दाबला की गुडघा सुटतो," ते म्हणाले. "दोन वर्षे झाली. वहीत लिहिले नाही." थोड्या वेळाने, "विकायचीच. आता कोणाला, तेवढे ठरवू."

गिऱ्हाइके दोन होती. एक बेल्जियमचे गृहस्थ. त्यांनी चासीवरच्या क्रमांकाचे छायाचित्र मागविले आणि लगेच मोठी रक्कम कळविली. दुसरा गॅलिलीतील एक तरुण मेकॅनिक. त्याची रक्कम जवळजवळ चतुर्थांशाने कमी होती, आणि तीही दोन हप्त्यांत. हा तरुण शेडमध्ये आला तेव्हा त्याने रंगाकडे पाहिलेच नाही. बॅटरी घेऊनच खाली आडवा झाला आणि चासीच्या कडा बोटांनी दाबीत सरकत गेला. मग म्हणाला, की आज इंजिन सुरू करू नका, उद्या सकाळी मी येतो, थंड असताना ऐकावयाचे आहे. मामा मला नंतर म्हणाले, "तो उद्या येईल म्हणाला तेव्हाच माझे ठरले."

माझे ठरले नव्हते. पैशांतील ते अंतर लहान नव्हते. घराच्या व्यवहारात त्याचा उपयोग झाला असता, आणि मुलगा या बाबतीत बरोबर होता असे मला आजही वाटते. बेल्जियममध्ये ती मोटार उत्तम ठेवली गेली असती. तसे मी मामांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, ती एकदा आलिया करून आली. आता तिला परत कशाला पाठवू?" यावर मला उत्तर सुचले नाही. मुलालाही सुचले नसावे. कारण उरलेली रक्कम त्याने आपल्या बचतीतून घातली आणि त्याविषयी बापाकडे एक अक्षर काढले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये टपाल कचेरीत मोटार त्या तरुणाच्या नावावर झाली. नात तेल अवीवहून आली होती. शेडपासून मुख्य रस्त्यापर्यंत मोटार तिने चालविली, मामा शेजारी बसले होते. कोपऱ्यावर दोघे उतरली आणि तरुण बसला. मामांनी एवढेच सांगितले, की दुसऱ्या गिअरला घाई करू नकोस.

वही कोणी ठेवावी, यावर थोडा घोळ झाला. मी म्हटले, भाषांतर त्याला द्या, मूळ वही घरी असू द्या. त्यात मामी आहेत. मामांनी मूळ वहीच त्याच्या हाती दिली आणि भाषांतर नातीस दिले. "त्याला चाळीस पाने कोरी लागतील," म्हणाले, "आणि हिला वाचता येईल असे पाहिजे."

हल्ली मामा आपल्या मुलाच्या घराजवळ, पहिल्या मजल्यावरच्या घरात राहतात. संरक्षित खोलीत त्यांनी आपली हत्यारे मांडली आहेत. गेल्या नव्याच्या सणाच्या आधी तो तरुण त्यांना भेटावयास आला, तेव्हा वही बरोबर होती. हिब्रू उजवीकडून लिहावयाची असल्याने त्याने ती उलट बाजूने, मागच्या पुठ्ठ्याकडून सुरू केली आहे. पहिल्या पानावर तारीख, तेलाची पातळी आणि ६४ किलोमीटर. मामांना हिब्रू अक्षरे वाचावयास वेळ लागतो. त्यांनी आकडा मात्र दोनदा वाचला आणि विचारले, घासटवाणा आवाज येतो का, मागच्या उजव्या चाकाला?