पावतीची रुजवात

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादर, परळ किंवा गिरगाव येथील एखाद्या मोठ्या सुपरमार्केटच्या बिलाच्या टेबलापाशी घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्या गृहिणीने आत तासभर हिंडून तूरडाळीच्या दोन पिशव्यांतील चार रुपयांचा फरक पारखून पाहिला, ज्या निवृत्त गृहस्थांनी तेलाच्या डब्यावरील तारीख चष्मा पुसून वाचली, तीच माणसे पैसे चुकते झाल्यावर हाती आलेली हातभर लांबीची पावती न वाचता पिशवीत कोंबतात आणि मागच्या माणसाला वाट करून देतात. यंत्राची बेरीज चुकत नाही, या सार्वत्रिक विश्वासाचा हा परिणाम आहे, आणि बेरजेपुरता तो विश्वास खराही आहे. परंतु ज्या आकड्यांची ही बेरीज होते ते आकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर भरले, याची खातरजमा यंत्र करीत नाही. ती करण्याची संधी गिऱ्हाइकाला एकाच कागदावर मिळते, आणि तो कागद म्हणजे ही पावती.

लालबाग-परळच्या चाळींखालील वाण्याच्या दुकानात एके काळी भाव तोंडाने सांगितला जाई, तराजूत आधी रिकाम्या भांड्याचा धडा केला जाई, माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलला जाई, आणि रक्कम दुकानदाराच्या वहीत व गिऱ्हाइकाच्या लहानशा वहीत अशी दोन्हीकडे टिपली जाई. त्या काळचे सगळेच दुकानदार सचोटीचे होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. काटा मारणे हा प्रकार गिरणगावाला चांगला ठाऊक होता, आणि जो कामगार पगारापर्यंत उधारीवर घर चालवी त्याला भावाबद्दल ब्र काढण्याची सोय नसे. कारण आज हुज्जत घातली तर उद्या वही बंद होण्याची धास्ती असे. खानावळी चालवून शेकडो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांचीही हीच कुचंबणा होती. वाणी आणि सावकार यांच्या देण्यात त्या अडकलेल्या असत, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले ते याच पेचातून त्यांची सुटका करण्यासाठी. रोख किंवा मोबाइलवरून तत्काळ पैसे देणाऱ्या आजच्या गिऱ्हाइकाला, त्या माणसांना नसलेले हे स्वातंत्र्य आयते लाभले आहे.

या शहराने हिशेब मागण्याची परंपरा मोठ्या कष्टाने उभी केली, याचा विसर पडू नये. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, आणि तो पाव पैसा कोणाच्या पदरात पडावा यावरून दुकानोदुकानी खल झाला असेल, याची कल्पना जुन्या पिढीला सहज करता येईल. पुढल्याच वर्षी शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले आणि हिशेबाची ही परीक्षा आणखी लांबली. त्याआधी, १९४८ साली, नायगावात कामगारांनी स्वतःची ग्राहक सहकारी संस्था काढली होती, जी पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघरी माहीत झाली. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी पुढे आपली विद्वत्ता तिच्या कामी लावली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध संयुक्त समिती उभारली आणि मध्यमवर्गीय व कामगार घरांतील बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांची प्रेरणा व सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंताचा सहभाग लाभलेल्या या संस्थेने कुटुंबांचे संघ बांधून, महिन्याची मागणी एकत्र नोंदवून, घाऊक आणलेला माल सभासदांनीच वाटून घेण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात प्रत्येक जिन्नसाचा भाव घेणाऱ्याला अगोदर ठाऊक असे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला तो या सर्व खटपटींनंतर.

सुपरमार्केटात मात्र भाव ठरतो तो गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, आणि तो कसा ठरतो हे समजल्याशिवाय पावती वाचण्यात अर्थ नाही. वेष्टनावर काळ्या रेघांचा जो पट्टा असतो तो बारकोड. असा पट्टा यंत्राने वाचून दुकानात पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी, आणि ती वस्तू म्हणजे च्युइंगमची पुडी होती. आपल्याकडील १३ अंकी बारकोडात आरंभीचे ८९० हे अंक भारतातील नोंदणी दर्शवितात, पुढील अंक उत्पादक व वस्तू यांचे असतात, आणि अखेरचा अंक वाचनातील चूक पकडण्यासाठी असतो. या १३ अंकांत किंमत कोठेच नसते. ती असते दुकानाच्या संगणकातील दफ्तरात. यंत्र रेघा वाचते, दफ्तरातील नोंद शोधते आणि तिच्यासमोर जी रक्कम लिहिलेली असेल ती छापते. मांडणीवरील भावाची चिठ्ठी मात्र कागदाची असून ती कोणा कामगाराने हाताने बदलायची असते. भाव संगणकात वाढला आणि चिठ्ठी जुनीच राहिली, किंवा सवलतीची मुदत काल रात्री संपली आणि तिचा तांबडा फलक आज दुपारपर्यंत लटकत राहिला, की गिऱ्हाईक एक किंमत वाचून वस्तू उचलते आणि दुसरी किंमत देऊन घरी जाते.

याहून नाजूक अडचण खास आपल्या देशातील आहे. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापण्याचा दंडक १९९० पासून आहे, आणि तिच्याहून अधिक पैसे घेण्यास विक्रेत्याला मनाई आहे. उत्पादक किंमत वाढवितो तेव्हा बारकोड पुष्कळदा तोच राहतो. परिणामी दुकानात एकाच बारकोडाचा जुना साठा, समजा २१० रुपयांचा, आणि नवा साठा २४५ रुपयांचा, शेजारी शेजारी नांदतात. बारकोड वाचताच पडद्यावर दोन्ही किमती उमटतात आणि योग्य ती निवडण्याचे काम बिल करणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे येते. रांग दारापर्यंत पोचलेली, पाठीमागून कोणी घाई करणारा, आठ तास उभे राहून पाय भरून आलेले, अशा स्थितीत डब्यावरचे बारीक अक्षर न वाचता पडद्यावरील पहिली ओळ दाबली जाणे अगदी स्वाभाविक आहे. यात लबाडी नसते, पण ३५ रुपये जातात ते जातातच. म्हणूनच पावतीवर एमआरपीचा वेगळा रकाना असल्यास तो प्रत्यक्ष डब्याशी ताडून पाहावा. बिलातील माझ्या मते सर्वांत फलदायी अशी ही तपासणी आहे, आणि ती फार थोडे लोक करतात.

कर बदलले की हा गोंधळ दुणावतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शांपू, केसांचे तेल, अंगाचा साबण अशा नित्याच्या वस्तूंवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह ११८ रुपयांना पडणारी वस्तू, मूळ किंमत तीच धरली तर, १०५ रुपयांना पडावयास हवी. पावतीच्या तळाशी सीजीएसटी व एसजीएसटी असे कराचे दोन समान भाग दाखविलेले असतात, त्यामुळे ५ टक्क्यांच्या वस्तूसमोर अडीच अधिक अडीच दिसले पाहिजेत. टूथपेस्टसमोर आजही नऊ अधिक नऊ दिसत असतील, तर त्या दुकानाचे दफ्तर मागे पडले आहे असे खुशाल समजावे आणि व्यवस्थापकाला तसे सांगावे. कपडे धुण्याच्या पावडरीवर मात्र १८ टक्के कायम आहेत, त्यामुळे सर्वच ओळींबद्दल एकदम शंका घेऊ नये. आणखी एक गोष्ट. एमआरपीत कर अंतर्भूतच असतो. तिच्यावर पुन्हा कर चढविलेला दिसला तर ती शुद्ध जादा वसुली होय.

सुटा माल वजनाने घेताना दोष वेगळ्या ठिकाणी उद्भवतात. तेथे वजनकाटाच चिठ्ठी छापतो आणि जिन्नसाचा क्रमांक माणूस दाबतो. साधा कोलम तांदूळ आंबेमोहोराच्या क्रमांकावर तोलला गेला की पुढील सर्व हिशेब बिनचूक होऊनही निष्पत्ती चुकीची येते. पिशवी किंवा डबा यांचे वजन वजा झाले की नाही हे तोलतानाच विचारावे. सणासुदीला लालबाग-दादरच्या मिठाईच्या दुकानांत खोक्यासकट तोललेली मिठाई हा याच दोषाचा अवतार असून, वजन निव्वळ मालाचे हवे असा नियम आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून फेरपडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी लावावे लागते, तेव्हा ते पाहण्यात संकोच कसला? एकच वस्तू दोनदा वाचली जाणे, सहाऐवजी नऊ नग पडणे, ‘दोनावर एक मोफत’ यातील मोफत नगाचेही पैसे लागणे, न मागितलेली पिशवी बिलात येणे, हे दोष नुसत्या नजरेने सापडतात. पिशवीबद्दल एवढे ठाऊक असावे की, आधी कल्पना न देता टेबलावर तिचे पैसे लावणे ही अनुचित प्रथा ठरते, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारसंबंधीच्या प्रकरणात दिला आहे.

रुजवातीची वेळ कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: दुकानाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी. घरी पोचून, वस्तू डब्यांत भरून झाल्यावर सापडलेली चूक सिद्ध करणे कठीण जाते. टेबलापासून चार पावले बाजूला उभे राहिले असता तीच चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते. आधी टोपलीतील नग मोजून पावतीवरील नगसंख्येशी ताडावेत, मग महागड्या पाचसहा ओळी पाहाव्यात, मग सवलतीच्या. मांडणीवरील भाव आणि बिल यांत तफावत दिसल्यास त्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. कारण दुकानात लावलेल्या दरापेक्षा अधिक किंमत घेणे हेही कायद्याने तक्रारीचे कारण आहे. ‘ताई, एवढी ओळ एकदा बघता का?’ असे सौम्यपणे विचारले की बहुतेक ठिकाणी काम होते, आणि बिल करणारी व्यक्ती भाव ठरवीत नसते हे ध्यानी ठेवून तिच्यावर आवाज चढवू नये. पावतीचा कागद उष्णतेने छपाई उमटणारा असल्यामुळे काही महिन्यांत ती पुसट होते, म्हणून मोठ्या खरेदीचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल निघत नाही असे कोणी म्हटले, तर तसा आग्रह धरू नये अशी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाची सूचना मे २०२३ पासून आहे, हे सांगावे.

दुकानात दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतूनही तक्रार घेतो, एमआरपी आणि वजन यांसंबंधी वैधमापन निरीक्षकाकडे अर्ज करता येतो, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मध्य मुंबईचा आयोग परळला महात्मा गांधी रुग्णालयाजवळील पुरवठा भवनात बसतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील आवश्यक नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ३५ रुपयांसाठी आयोगाची पायरी चढावी असे मी म्हणत नाही. परंतु तीच चूक त्याच दुकानात आठवडेच्या आठवडे शेकडो बिलांत उतरत असेल, तर ती ३५ रुपयांची राहत नाही, आणि अशा वेळी एका चाळीतील चार कुटुंबांनी आपापल्या पावत्या एकत्र करून केलेला अर्ज वजनदार ठरतो.

जुन्या बिलांच्या तळाशी ‘चूकभूल देणे घेणे’ अशी ओळ असे. तिच्यातील देण्याची बाजूही आपण पाळली पाहिजे. तुपाचा डबा वाचायचा राहून गेला असेल तर तो परत टेबलावर नेऊन दाखवावा, कारण संध्याकाळचा हिशेब जुळला नाही की जाब विचारला जातो तो त्या टेबलामागच्या माणसाला.

आता दुकानदारांकडे एक मागणी. पावतीवरील जिन्नसांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत, निम्म्यावर तोडलेली आणि मुंगीच्या अक्षरांत छापलेली असतात. लालबागच्या चाळीतून पेन्शनच्या पैशांत सामान भरायला येणाऱ्या आजीने त्यातली चण्याची डाळ कोणती आणि मुगाची कोणती हे कसे ओळखावे? मांडणीवर जिन्नसाचे नाव मराठीत लिहिता येते, तर पावतीवरही ते छापता यावयास हवे. प्रत्येक टेबलावर गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला, वस्तू वाचली जाताच तिचे नाव व भाव ठळक दाखविणारा पडदा असावा. पावतीवर एमआरपी, दुकानाचा भाव आणि प्रत्यक्ष घेतलेली रक्कम असे तीन रकाने वेगळे असावेत. आणि दाराजवळ, पिशव्यांच्या गर्दीतून बाजूला, पावती पसरून वाचता येईल एवढे एक टेबल आणि वर पुरेसा उजेड असावा.