महाविद्यालयीन बास्केटबॉल संघातील प्रथम वर्षाचे गुणी खेळाडू : प्रारंभीच्या उपयोगाचा विचार

करमाडसारख्या ग्रामीण परिसरातून महाविद्यालयात येणारा गुणी खेळाडू बहुधा कबड्डी वा खो-खोच्या मैदानावर घडलेला असतो. चपळता व दम त्याच्याजवळ असतो. बास्केटबॉलमधील जागेचे भान मात्र नसते. प्रवेशप्रक्रिया संपते न संपते तोच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येऊन ठेपतात. अशा वेळी त्यास पहिल्या पाचांत घ्यावे की वर्षभर राखीव ठेवावे, हा प्रश्न प्रशिक्षकापुढे उभा राहतो.

या संदर्भात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९१-९२ च्या हंगामात प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांच्याकडे प्रथम वर्षाचे पाच असामान्य खेळाडू होते. तरीही पाचही जणांना सामन्याच्या आरंभी एकत्र उतरविले ते फेब्रुवारी १९९२ मध्ये. तोपर्यंत ते ज्येष्ठांच्या सोबतीने खेळत होते. हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. (आपल्याकडे निवडीला इतका वाव कोठून असणार!)

खेळाचे नियमही येथे साहाय्यभूत ठरतात. १० मिनिटांची चार सत्रे असतात व खेळाडू बदलण्यास मर्यादा नसते. परंतु पाच फाउल झाल्यास खेळाडू बाद होतो, आणि नवख्याचे फाउल लवकर होतात. म्हणून त्यास दुसऱ्या सत्रात चार-पाच मिनिटे, अनुभवी खेळाडूसोबत, बचावातील एकच जबाबदारी देऊन उतरवावे. निकाल ठरून गेलेल्या सामन्याची अखेरची दोन मिनिटे देणे ही संधी नव्हे. तेवढ्यावरच ठेवलेला विद्यार्थी दिवाळीनंतर सरावास फिरकत नाही.